बूच कुणाच्या खिशात

सकाळीच माझा सासरा रेनो सारेला माझ्या शेडमध्ये आला आणि बादली उपडी करून तिच्यावर बसला, तेव्हाच मी ओळखलं की हा मदतीला आलेला नाही. मदतीला येणारा माणूस हातमोजे घेऊन येतो. याने कॉफीचा थर्मास आणला होता आणि फडक्यात गुंडाळलेला वेलचीचा पाव. पाव हवा का, असं तोंडदेखलंसुद्धा विचारलं नाही.

गोष्ट अशी होती. माझा नवरा डॅरल मार्चमध्ये गेला. तळं अजून गोठलेलं होतं, आणि त्याचं हृदय बंद पडलं. अंत्यविधीनंतर लोक चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खात होते, तेव्हा म्हाताऱ्याने बोटीचा विषय काढला. बोट चालवली डॅरलने, डागडुजी केली डॅरलने, पण कागदावर नाव म्हाताऱ्याचंच राहिलं होतं. आता ती धाकट्या मुलाला, वेनला द्यायची म्हणे. वेन ग्रीन बे शहरात राहतो, वर्षातून दोनदा येतो आणि आला की मासे किती मिळाले यावर थापा मारतो. मी म्हटलं, बोट माझ्याकडे राहणार. त्यावर म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत सारेलांचा नियम ऐकवला.

"आमच्या घरात बोट त्याची, जो स्वतःच्या हातांनी तिचं इंजिन रिकामं करतो, तिला झाकतो, हिवाळ्यासाठी झोपवतो," तो म्हणाला. "दुसऱ्याला पैसे देऊन झोपवतात ते गिऱ्हाईक."

"मग ऑक्टोबरात या बघायला," मी म्हटलं. सँडविच हातात घेऊन उभे असलेले लोक एकदम आपापल्या सँडविचकडे बघायला लागले.

बोटीचा एवढा सोस मला का, असं माझी बहीणसुद्धा विचारते. घरात डॅरल कायम रेनो सारेलाचा मुलगा होता. फोन वाजला की उठायचा, म्हाताऱ्याच्या छपरावरचा बर्फ आधी काढायचा आणि मग आमच्या. बोटीवर मात्र फोन चालत नसे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद करून आम्ही बसायचो, तेवढा वेळ तो माझा नवरा असायचा. ती जागा मी वेनच्या थापांसाठी सोडणार नव्हते.

हा माणूस मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत आला आहे. मी खालच्या मिशिगनची, मोठ्या पुलाच्या पलीकडची. वरचे लोक आम्हाला पुलाखालची भुतं म्हणतात, गमतीने. रेनो गमतीने म्हणत नसे. पॉलेट हे माझं नाव त्याच्या तोंडून मी लग्नात ऐकलं, तेही पाद्र्याने विचारलं म्हणून. घरात सगळे त्याला पप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे, नाइलाजाने.

तर तो बादलीवर बसला, बोटीच्या मागच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून. बोट चाकांच्या गाड्यावर होती, इंजिनाचं झाकण उघडं. पेट्रोल न बिघडायचं औषध मी आदल्या दिवशीच टाकीत घातलं होतं. मी बागेच्या नळीला जोडलेल्या रबरी वाट्या प्रोपेलरच्या वरच्या, पाणी ओढून घ्यायच्या जाळ्यांवर बसवल्या, पाणी सोडलं आणि इंजिन चालू केलं.

"वाटी वाकडी बसलीय," म्हातारा म्हणाला.

वाकडी नव्हती. पण त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला तो थांबेना. इंजिन गरम झाल्यावर मी हातपंपाने जुनं तेल ओढायला लागले, तर पंप बायकी आहे म्हणाला. तेलाची नवी गाळणी घट्ट केली, तर म्हणाला, हिला आता वसंतात काढायला अस्वल बोलवावं लागेल. इंजिनाच्या नाकात फवाऱ्याने तेल मारलं, पांढरा धूर करत ते गुदमरून बंद पडलं, तसंच पडायला हवं होतं, तरी पुलाखालच्या बाया स्वयंपाकही असाच करतात का, असं त्याने विचारलं. प्रोपेलरच्या पेटीतलं तेल मी सोडलं तेव्हा तो वाकून बघायला आला. पाणी शिरलं असेल तर ते दुधाळ निघतं. स्वच्छ निघालं. तो परत जाऊन बसला आणि पावाचा तुकडा मोडला.

मी काम करत राहिले. डॅरलबरोबर इतकी वर्षं हे सगळं मी केलं होतं, पाने देत, नळ्या धरत, उंदरांनी गाद्या कुरतडू नयेत म्हणून कप्प्या-कप्प्यात साबणाच्या वड्या ठेवत. फक्त एक काम तो मला करू देत नसे. इंजिन थंड ठेवणारं तळ्याचं पाणी त्याच्या पोटात राहतं आणि हिवाळ्यात गोठतं, ते काढायचं काम. तेव्हा तो म्हणायचा, पॉली, जा, कॉफी टाक. मी कॉफी घेऊन यायचे तेव्हा बूच काढून झालेले असायचे, पितळेचे, अंगठ्याएवढे. एका डब्यात घालून तो ते लगेच बापाकडे नेऊन द्यायचा.

हेही सारेलांच्या घरचं. बूच हिवाळाभर म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात, चुलीवरच्या फळीवर. कारण सांगायला चांगलं होतं: बूच न लावता कुणी बोट पाण्यात ढकलू नये. पण दर मे महिन्यात डॅरलला ते मागायला जावं लागे. म्हातारा त्याला बसवायचा, कॉफी द्यायचा, वर्षभरात काय काय चुकलं ते मोजून दाखवायचा आणि मग फळीवरून डबा काढायचा. पन्नाशीचा माणूस माझा, टोपी मांडीवर घेऊन बसायचा. मी एकदा बरोबर गेले होते. परत कधी गेले नाही, कारण मला तो डबा उचलून म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावासा वाटला होता.

मी आधी बोटीच्या तळाचा बूच काढला, म्हणजे आत पडेल ते पाणी मागच्या भोकातून शेडच्या जमिनीवर वाहून जाईल. मग शिडीवरून बोटीत चढून इंजिनाच्या डाव्या बाजूचा. पाणी भसाभस आलं, तळातून वाहत मागच्या भोकातून बाहेर पडलं. म्हाताऱ्याने बूट मागे घेतले आणि गळक्या घराबद्दल काहीतरी बोलला. मग मी पालथी पडून उजव्या बाजूला हात घातला. तिथे जागाच नाही, सगळं बोटांनी चाचपून करावं लागतं. बूच फिरला, निघाला, माझ्या मुठीत आला.

पाणी आलं नाही. एक थेंब आला आणि थांबला.

मनाने लगेच समजूत घातली की डावीकडूनच सगळं गेलं असणार, इंजिन एकच आहे, पोटही एकच. बूच काढले, काम झालं. मी उठून बसले आणि फडक्याला हात पुसले. पाणी गोठू न देणाऱ्या गुलाबी अँटीफ्रीझचा कॅन उचलला.

तेव्हा जाणवलं की शेडमध्ये शांतता आहे.

सकाळपासून ज्याची जीभ टाळूला लागली नव्हती, तो मूग गिळून बसला होता. मी पाहिलं. तो दारातून तळ्याकडे बघत होता. तळ्याच्या काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता, बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. थर्मासचं झाकण त्याने भरलं होतं आणि पीत नव्हता.

मी कॅन खाली ठेवला. सकाळभर जे बरोबर केलं त्यावर हा बोलला. मग आता न बोलण्यासारखं मी काय केलं? मी त्याच्या बुटांजवळचं पाणी पाहिलं. वाहून गेलं होतं ते एकाच बाजूचं, तेवढंच. आणि मग त्याच्या टोपीच्या मागे, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली तार दिसली. कपड्यांचा हँगर सरळ करून टोकाला वाकवलेली. इतकी वर्षं ती तिथे होती. पडलेले स्क्रू काढायला असेल, असं मी समजत आले होते.

मी शिडीवरून उतरले.

"पप्पा, डोकं जरा बाजूला घ्या."

"कशाला?"

"तार हवीय."

त्याने डोकं हलवलं नाही. मी त्याच्या खांद्यावरून हात घालून ती काढून घेतली, वर चढले, पुन्हा पालथी पडले आणि चाचपत तारेचं टोक उजव्या भोकात घातलं. आत काहीतरी कचकचलं. गंज. वर्षानुवर्षांच्या पाण्याचा गंज भोकावर बसून घट्ट झाला होता. मी ढकललं, फिरवलं, पुन्हा ढकललं, आणि तपकिरी पाणी फुटून माझ्या बाहीत कोपरापर्यंत शिरलं. बर्फासारखं गार. किती तरी वेळ येत राहिलं. तळातून वाहत बाहेर गेलं आणि म्हाताऱ्याच्या बुटांना लागलं. या वेळी त्याने बूट मागे घेतले नाहीत.

"तुम्हाला दिसलं होतं," मी वरूनच म्हटलं.

"दिसलं."

"आणि गप्प बसलात."

"तू विचारलंस?"

"जानेवारीत गोठून इंजिन उभं फुटलं असतं. तुमच्या पोराचं इंजिन, पप्पा. सात महिने झाले त्याला पुरून."

"फुटलं असतं," तो म्हणाला. आता त्याने कॉफीचा घोट घेतला. "त्याचं पहिलंही फुटलं होतं. शाळेत होता तेव्हा. उन्हाळाभर लाकडं फोडून घेतलेलं इंजिन. मी असाच बाजूला बसलो होतो, आणि मला दिसलं होतं. त्यानंतर तार विसरला नाही कधी."

हे तो अभिमानाने सांगत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला डॅरल दिसला, इंजिनात खांद्यापर्यंत हात घातलेला. एका वर्षी मी कॉफी घेऊन लवकर आले होते. पाणी केव्हाच निघून गेलं होतं, तरी तो त्या भोकात तार घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. चेहरा पांढरा पडलेला. मी हसून म्हटलं होतं, इंजिनाचे दात कोरतोस काय? तो हसला नव्हता.

मला त्याची इतकी दया आली की डोळे भरून आले, आणि या माणसाचा इतका संताप आला की रडले नाही. त्याच्यासमोर तर नाहीच.

उरलेलं काम मी उरकायला घेतलं. प्रत्येक भोकात तार घातली. नळ्या काढून रिकाम्या केल्या, गुलाबी अँटीफ्रीझ ओतलं, बॅटरी काढून खाली आणली. पुढचा भाग उंच करून गाड्याखाली ठोकळे दिले. ताडपत्री ओढताना एक टोक त्याच्या बाजूला लोंबत होतं. त्याने धरलं नाही, मीही सांगितलं नाही. फिरून गेले आणि बांधलं. शेवटी बूच रॉकेलमध्ये धुतले, पुसले, त्यांना ग्रीस लावलं.

म्हातारा उठला. त्याचे गुडघे वाजले. ताडपत्रीची एक गाठ त्याने ओढून पाहिली, ती सुटली नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम. बोट तुझी. वेनला मी सांगतो." आणि तळवा पुढे केला. "बूच दे."

सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. बोट द्यायला तयार होता, डबा सोडायला नाही. मे महिन्यात त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली मी मला स्पष्ट दिसले, मांडीवर टोपी घेऊन.

मी बूच डॅरलच्या जुन्या कोटाच्या खिशात टाकले. तो कोट मीच घातला होता. खिशाचं बटण लावलं.

"बूच माझ्याकडे राहतील," मी म्हटलं. "मे महिन्यात तुम्हाला बोटीतून चक्कर मारायची झाली, तर या मागायला. मी कॉफी देईन. वर्षभरात काय चुकलं ते सांगेन. आजपासून सुरुवात करेन. मग बघू."

त्याचा हात तसाच पुढे राहिला. इतक्या वर्षांत तो हात रिकामा परत गेल्याचं मी पाहिलं नव्हतं, आणि त्यालाही त्याचं काय करावं ते कळत नसावं. मी त्या तळव्यावर तार ठेवली.

"ही जागेवर लावा," मी म्हटलं, आणि बादली उचलून बाहेर गेले.

दार ओढून घ्यायला मी बाहेर थांबले. बादली भिंतीशी पालथी ठेवली. मग खिळ्यावर तार अडकवल्याचा आवाज आला.