जर्मन बाईच्या मागचा मोसंबीवाला

बोलणं माझं काम नाही, ऐकवणं आहे. पण आता गप्प राहवत नाही, म्हणून मी, जालन्याच्या मस्तगडमधल्या एका जर्मन क्लासचा हेडफोन, बोलतोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. माझ्या खोक्यावर चार भाषांत सूचना होत्या. क्लास चालवणाऱ्या भालचंद्र सरांनी एकही न वाचता खोकं फेकून दिलं. पहिली शंका मला तेव्हाच आली.

जर्मनीतल्या कॉलेजात प्रवेश हवा, तर जर्मन येते हे परीक्षा देऊन दाखवावं लागतं. अट रास्तच आहे. ज्या भाषेत शिकायचं ती यायला नको? पण सरांनी तिच्यावर आपल्याकडचा जुनाच उपाय काढला होता. "समजायच्या भानगडीत पडू नका. पाठ करा. हेच येतं परीक्षेत!" मग माझ्यातून एका जर्मन बाईचं रेकॉर्डिंग सुरू व्हायचं आणि पोरं पाढ्यांसारखं घोकायची. तेल लावलेले, डूल घातलेले, घामेजलेले, किती कान आले माझ्याखाली! नापास झालेलं पोरगं लाजेनं गप्प बसायचं. क्लास भरतच राहायचा.

मग राजूरहून प्रियदर्शनी आली. बी.एस्सी. झालेली. तिचे वडील, मच्छिंद्र, तिथल्या गणपतीच्या देवळापुढं नारळ विकतात. जर्मनीतलं कॉलेज तिला घ्यायला तयार होतं, अडलं होतं फक्त भाषेवर. ती मला कानांवर घट्ट दाबायची आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा मागं नेऊन ऐकायची. घोकायची मात्र नाही.

एका दुपारी तिनं आवाज पूर्ण वाढवला.

"सर, ही बाई कुठली हाय?"

"बर्लिनची."

"मंग तिच्या मागं मोसंबीवाला कसा काय वरडून राह्यला?"

वर्ग खो खो हसला. "बर्लिनमधी बी आपलीच मोसंबी जाती, ताई!" शेजारचा कल्याण म्हणाला. सरही हसले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सरांच्या बायकोचा, रजनीताईंचा आवाज आला, "अहो, चहा ठेवू का?"

कल्याणचं हसू थांबलं. हाच आवाज जर्मन बाईचा म्हणून त्यानंही रोज ऐकला होता.

प्रियदर्शनीनं मला स्वतःच्या मोबाईलला जोडलं, जर्मनीचा रेडिओ लावला आणि मला सरांपुढं धरलं. "सांगा सर, काय म्हनून राह्यले?"

सरांनी मला कानांवर चढवलं. बातम्या चालू होत्या. त्यांचे कान तापत गेले, ते मला आधी कळलं. शेवटी त्यांनी मला उतरवून टेबलावर ठेवलं.

"रेंज न्हाई बराबर."

रेंज बराबर होती. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक?

"सर, पुढल्या महिन्यात परीक्षा हाय माझी," एवढंच ती म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. कल्याणही तिच्यामागं उठला.

यंदाचा तिचा प्रवेश हुकला. नारळाच्या दुकानात बसून ती आता पहिल्या धड्यापासून शिकते, असं कल्याण एकदा उरलेली पुस्तकं न्यायला आला तेव्हा सांगत होता. प्रवेश हुकल्याचा राग तिच्यावर कुणी काढत असेल, तर त्या रागाचा खरा पत्ता मी देतो: मस्तगड, पहिला मजला.

मी अजून इथंच खिळ्याला लटकलोय. दारावरची पाटी तेवढी बदलली आहे. आता जपानी. काल नवं रेकॉर्डिंग माझ्यातून वाजवून पाहिलं. बाई टोकियोची आहे म्हणे. तिच्या मागं कुकरची शिट्टी होते.

उद्या कदाचित मी तुमच्या कानांवर असेन. बाई काय म्हणते ते मागाहून पाठ करा. आधी आवाज वाढवा.