सहूर चुकवायचा नाही

माक सोमच्या घरात सहूर, म्हणजे रोज्याआधीची पहाटेची न्याहारी, न करता कुणी रोजा धरलाय, असं गेल्या चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. रमजानात ती पहाटे साडेचारला उठायची, भात गरम करायची आणि एकेकाच्या उशाशी जाऊन खांद्यावर हात ठेवायची. हाका नाहीत, गजर नाही. हात पडला की माणूस उठायचा. खाताना डोळे उघडे असोत की मिटलेले, दोन घास पोटात गेल्याशी कारण. मारांगच्या किनाऱ्यावरच्या त्या वस्तीत तिच्या अकोक नावाच्या गुळाच्या केकची जेवढी ख्याती, तेवढीच या उठवण्याची. तिला दोन्हींचा अभिमान होता, दुसऱ्याचा जरा जास्तच.

इदा तिची सून. तिला सातवा महिना नुकताच लागला होता. नवरा शाहरिल समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस घरात सासू-सून दोघीच. दवाखान्यातली नर्स मिसी रोहाया हिने साखरेच्या तपासणीसाठी इदाला दोनदा तारीख दिली होती आणि इदाने ती दोनदा चुकवली होती. एकदा पावसाचं निमित्त, एकदा कंबरदुखीचं. खरं कारण तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिची आई साखरेनेच गेली होती. शेवटची तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ आईला इन्सुलिनची सुई टोचायचं काम इदाकडे होतं, आणि सुरुवात झाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तीच साखर आता आपल्या रक्तात असेल, बाळालाही भोवेल, ही तिची भीती होती. तपासलं नाही तर ती नाहीच, अशी ती स्वतःची समजूत घालायची. समजूत खोटी आहे हे तिला चांगलं कळत होतं.

तिसऱ्या वेळी मिसीने दम भरला. रात्री दहानंतर पोटात काही नको, नुसतं पाणी चालेल. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग साखरेचं पाणी, मग दोन तास बसून पुन्हा रक्त. इदाने घरी येऊन सगळं माक सोमच्या कानावर घातलं. माक सोमने मान डोलावली. उपाशी कसं राहायचं हे तिला कोण शिकवणार?

ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता दोघी दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या. रात्रभर पाऊस होता म्हणून इदा स्वेटर घालून झोपली होती आणि तेच तिच्या अंगात होतं. रुमालासाठी तिने खिशात हात घातला, तर बोटांना काहीतरी टणक आणि चिकट लागलं. बाहेर काढून पाहिलं. खजुराची बी.

मग एकेक आठवायला लागलं. अंधार, खांद्यावर हात, तोंडाशी आलेला कोमट गोड चहा. सकाळी तिला ते स्वप्न वाटलं होतं.

"माक," ती हळूच म्हणाली, "पहाटे तुम्ही मला उठवलंत?"

"मग? बांगेच्या आधी, घड्याळ बघून. तीन खजूर आणि चहा. रमजान नसला म्हणून काय झालं? पोटुशी बाई दिवसभर उपाशी राहणार, तिला काय तशीच पाठवू?"

"दहानंतर काही नको म्हणाल्या होत्या ना मिसी."

"अगं, ते खाणं. हा सहूर," असं म्हणता म्हणताच माक सोमला आपली चूक उमगली. तिने बीकडे पाहिलं, मग इदाकडे, आणि मांडीवरची पिशवी उगाचच घट्ट धरली.

तेवढ्यात इदाचा नंबर पुकारला. खोलीच्या दारापर्यंत वीस पावलं होती आणि त्या वीस पावलांत तिच्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. गप्प बसावं. आकडा चांगला आला तर सुटलो. वाईट आला तर खजुरावर ढकलता येईल, म्हणजे खरं काय ते कधी कळणारच नाही. किती सोयीचं होतं ते. पण आईनेही सुरुवातीची दोन वर्षं असंच सोयीचं तेवढं पाहिलं होतं, आणि पुढचं इदाने पाहिलं होतं.

"मिसी," खुर्चीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "मी पहाटे खजूर खाल्लेत. झोपेत चूक झाली माझी."

मिसी रोहायाने सुई खाली ठेवली आणि दार उघडं असतानाच तिला झाडलं. दोन तारखा बुडवल्या, तिसरी खाऊन घालवली, आता काय बाळाच्या बारशाला येणार तपासायला? मग पुढच्या आठवड्याची तारीख लिहून दिली. बाहेरच्या बायका खुदखुदल्या. माक सोमने सगळं ऐकलं. सुनेने 'माझी' म्हटलेलंही ऐकलं.

त्या दिवसापासून, जिच्या तोंडाला बाजारात कुणी पुरं पडायचं नाही ती बाई आठवडाभर हं-हूंवर होती. इदाला वाटलं, सासू रागावली. मंगळवारी माक सोम डोक्याला ओढणी गुंडाळून कुठेतरी गेली आणि तासाभराने आली. कुठे गेला होतात, असं विचारलं तर म्हणाली, कामाला.

पुढच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी खजुराचा डबा, गूळ, बिस्किटं, सगळं शेजारच्या घरी गेलं. दहाच्या ठोक्याला माक सोमने स्वयंपाकघराची कडी लावली आणि तिला ओढणीची गाठ मारली.

पहाटे इदाला आपसूक जाग आली. भुकेने पोट खवळलं होतं, बाळ लाथा मारत होतं. बाहेर आली तर पडवीत दिवा होता आणि माक सोम पाण्याचे दोन पेले समोर ठेवून बसली होती.

"झोपच येईना. हात शिवशिवतात," ती म्हणाली. "पाणी पी. पाणी चालतं. मी मिसीकडे जाऊन नीट विचारून आले, आणि खजूर कुणी भरवले तेही सांगून आले."

"तुम्ही खाल्लंत काही?"

"तू उपाशी आणि मी खाऊ? पी गुमान."

पोटात काही नसताना ते साधं पाणीही इदाला गोड लागलं.

दवाखान्यात पहिलं रक्त काढून झालं. मग साखरेचं पाणी आलं, इतकं गोड की घशातून उतरेना. कसंबसं संपवून इदा बाकावर बसली आणि दहाव्या मिनिटाला तिला ढवळायला लागलं. उलटी झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. माक सोमने एका हाताने तिची पाठ धरली आणि आठवडाभर साठलेलं तोंड उघडलं. आपण नवी नवरी असताना पहिल्याच रमजानात कशा झोपून राहिलो, अख्खं घर सहूरशिवाय कसं राहिलं, सासऱ्यांना दुपारी होडीत कशी भोवळ आली आणि सासू ईदपर्यंत कशी बोलली नाही, ते सगळं तिने तिखटमीठ लावून सांगितलं. तेव्हाच तिने ठरवलं होतं, की या घरातून कुणी रिकाम्या पोटी बाहेर पडणार नाही.

"आणि सुनेलाच अडचणीत घातलं मी," ती म्हणाली. "वर तू चूक स्वतःवर घेतलीस. आठवडाभर तोंड कसं दाखवू कळेना मला."

इदाला हसू आलं, आणि हसण्यात मळमळ जरा मागे पडली. मग तीही बोलली. आईबद्दल, सुयांबद्दल, चुकवलेल्या तारखांबद्दल. माक सोमचा हात तिच्या पाठीवरून हलला नाही. दोन तास असे गेले. दुसरं रक्तही काढून झालं.

दुपारी मिसीने बोलावलं. उपाशीपोटीचा आकडा पाच पूर्णांक एकच्या आत हवा होता. तो पाच पूर्णांक तीन निघाला.

म्हणजे साखर होती. इतकी वर्षं जिला भीत होती ती आलीच. मिसी मात्र आज हळुवार होती. म्हणाली, थोडीशीच आहे, वेळेवर सापडली. आधी खाण्यावर बघू, सुईची बहुतेक गरजच पडणार नाही. बाळाचं वजन, ठोके, सगळं छान आहे. मागच्या आठवड्यात गप्प बसली असतीस तर आज काय धरून चाललो असतो, सांग?

तिने खाण्याचा कागद पुढे केला. तो इदाने घ्यायच्या आत माक सोमने घेतला आणि चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला.

"अकोक नाही?"

"नाही, माक सोम."

"बरं. मग माझ्याही घशाखाली नाही." तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय? सकाळी काही खायच्या आधी बोट टोचून साखर बघायची. रोज?"

"रोज, आणि ठरल्या वेळी. ही मुलगी उठेल ना वेळेवर?"

माक सोम खुर्चीत ताठ झाली. आठवड्यात पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला.

"उठवायचं माझ्याकडे लागलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना इदाच्या खांद्यावर हात पडला. आरडाओरडा नाही, गजर नाही. डोळे मिटलेलेच ठेवून तिने सवयीने हात पुढे केला. माक सोमने त्या हातावर या वेळी खजूर ठेवला नाही. तिने बोट पुसलं, फुंकर मारली आणि मिसीने शिकवलं होतं तसं अलगद टोचलं. इदाने आईच्या घरी सोळाव्या वर्षापासून आईसाठी सुई धरली होती. आज पहिल्यांदा ती कुणीतरी तिच्यासाठी धरली होती.

यंत्र वाजलं. चार पूर्णांक नऊ.

"नीज अजून थोडा वेळ," माक सोम म्हणाली. "नाश्ता तयार झाला की उठवते."