रिंगला माळ कोण घालणार

मी एक जुनी रिंग आहे, मित्रांनो. बास्केटबॉलची. सध्या देवासच्या मैदानात भिंतीला टेकून जमिनीवर बसले आहे. माझ्या जागी वर एक नवी, नारिंगी, लवचीक पोरगी झळकते आहे. झळको बापडी! तिला अजून माणसं कळायची आहेत.

मला घडवलं सतवासच्या एका लोहाराने. त्याचा जन्म बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवण्यात गेला होता. माझं माप पाहून तो म्हणाला, "भिया, इतना सा पहिया? गाडी कहाँ है?" मला बनवून घ्यायला आलेले गोपाळरावसर हसले आणि म्हणाले, "ये हवा में चलेगा." सर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी मुलींना बास्केटबॉल. त्यांनी मला सायकलच्या हँडलला अडकवून बसस्टँडपर्यंत नेलं आणि तिथून बसच्या टपावर. असा माझा थाट.

मैदानात दोन खांब. एकावर मी, समोर माझी जुळी बहीण. अर्धा खेळ देवासच्या पोरी माझ्यावर चाल करणार आणि अर्धा खेळ मला राखणार. म्हणून मला कुणाचा पक्ष नाही. जे पाहिलं ते सांगते. कडू लागलं तर लागू दे.

आमच्याकडे मराठी घरांत खंडेनवमी अजून नेटाने होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. मोठ्यांच्या घरी तलवार निघते, लहानांच्या घरी विळा, कात्री, शिवणयंत्र. प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकाला झेंडूचं फूल. कात्रीने जास्त काम केलं की यंत्राने, असं त्या दिवशी कुणी विचारत नाही. सरांनी ही पूजा मैदानात आणली. चेंडूला फूल, शिट्टीला फूल, हवा भरायच्या पंपाला फूल, मैदान झाडायच्या झाडूलासुद्धा फूल. आणि मला माळ. मी पडले उंच, तेव्हा एका मुलीने दुसरीच्या खांद्यावर बसून ती घालायची. सुरुवातीला सगळ्यांत धाकटी पोर चढायची. किती गोड चालत होतं!

मग सरांच्या डोक्यात खूळ शिरलं. गणपतीत देवास आणि धारच्या मुलींचा सामना व्हायचा. सर म्हणाले, "त्या सामन्यात जी आपल्याकडून सर्वांत जास्त गुण करेल, माळ तिने घालायची. पोरींना ईर्ष्या येईल." आली ना! सर देवमाणूस होते, पण पूजेत मोजणी घातली तिथेच त्यांनी माती खाल्ली.

त्याच सुमाराला इरावती आली. खोटं कशाला बोलू, तशी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. इतरांचे चेंडू मला बडवत यायचे. हिचा चेंडू मला शिवायचासुद्धा नाही, नुसती जाळी सळसळायची. वडील मोठे अधिकारी, घरी गाडी. पण पहाटे एकटी येऊन हात भरून येईपर्यंत चेंडू टाकत राहायची. तिच्या मेहनतीला कुणी नाव ठेवलं तर मी ऐकून घेणार नाही.

आणि मालन. तिची आई लोकांची परकर-पोलकी शिवायची. मालन बरोबर माझ्याखाली उभी राहायची. चुकलेला चेंडू माझ्यावरून उडाला की तिचे हात हजर. धारच्या दांडग्या मुलींच्या वाटेत ती भिंतीसारखी उभी राहायची, आणि तेवढ्यात इरावतीला मोकळी जागा मिळायची. कोपरं फुटायची मालनची, टाळ्या इरावतीला. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबैस!

खंडेनवमीला खांदाही तिचाच असायचा. "बस गं खाली, मालन," इरावती म्हणायची. मालन बसायची, इरावती चढायची, मालन तिला घेऊन उठायची. माळ बांधताना इरावतीचे पाय लटपटायचे. खालून आवाज यायचा, "सावकाश बांध. धरलंय मी तुला."

सामना मात्र दरवर्षी धारच न्यायचं. इरावतीचे गुण डोंगराएवढे आणि कप धारच्या कपाटात.

एका वर्षी धारने इरावतीच्या अंगावर दोघी-दोघी घातल्या. दुसरा इलाज नव्हता, म्हणून तिने चेंडू सोडायला सुरुवात केली. तिने मालनला दिला, मालनने रुचीला. रुची म्हणजे एवढीशी पोर, तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिने सपाटाच लावला. देवास जिंकलं, मित्रांनो! त्या दिवशी सगळ्यांत जास्त कोण नाचलं असेल तर इरावती. मी पाहिलं आहे.

पण खंडेनवमी आली आणि सरांचा नियम आडवा आला. सर्वांत जास्त गुण रुचीचे. रुची मालनच्या खांद्यावर चढली. इरावती खाली पूजेचं तबक धरून उभी होती. वर माळेकडे बघता-बघता तिने तबक तिरकं केलं आणि कुंकू सांडलं. त्या क्षणी मला कळलं, आता पुढच्या वर्षी हिच्या हातून चेंडू सुटणार नाही.

नाहीच सुटला. पुढच्या गणपतीत तिघी अंगावर आल्या तरी तिने कुणाला चेंडू दिला नाही. शेवटची घटका, देवास एकाच गुणाने मागे, आणि मालन माझ्याखाली अगदी मोकळी, दोन्ही हात वर. "इरा, इकडे! अगं इरा!" ओरडून तिचा घसा बसला. इरावतीने लांबूनच फेकला. तो चेंडू मात्र मला शिवला आणि उडाला. मालनने त्याच्यासाठी उडी मारली, कुणाच्या तरी पायावर उतरली आणि खाली बसली ती उठलीच नाही. गुण इरावतीचे, कप धारचा आणि गुडघा मालनचा गेला. त्या खंडेनवमीला गुडघ्याला पट्टी बांधून मालनने खांदा दिला. नको म्हणायची अक्कल कुणालाही झाली नाही, सरांनाही नाही.

इरावती पुढे राज्याकडून खेळली, देशाकडून खेळली. खेळाच्या जोरावर मोठी नोकरी मिळाली. मालन देवासलाच राहिली. दिवसा आईचं शिवणयंत्र चालवायची, संध्याकाळी मैदानात येऊन लहान मुलींना शिकवायची. सर थकले तेव्हा त्यांनी आपली शिट्टी तिच्या गळ्यात घातली. लंगडत-लंगडत तिने पोरींच्या किती पिढ्या उभ्या केल्या! मुली तिला जिज्जी, म्हणजे थोरली ताई, म्हणतात. तिची पहिली शिकवण एकच, "टाकायच्या आधी बघ, मोकळं कोण आहे."

यंदा मैदान नवं झालं. निळं, गुळगुळीत. मला खाली उतरवलं. जन्मभर मी वरून डोकी पाहिली, आता खालून पाय पाहते. क्लबचे अध्यक्ष बळवंतराव यांनी ठरवलं की मैदानाला इरावतीचं नाव द्यायचं आणि पगारी प्रशिक्षक नेमायचा. मालनला नावबिव नको होतं. तिला पोरी हव्या होत्या. "नव्या मैदानावर मीच शिकवणार ना, भाऊसाहेब?" तिने विचारलं होतं. "बघू या, मालनताई," ते म्हणाले होते. माझ्यासारख्या लोखंडालाही त्या 'बघू या'चा अर्थ कळला.

नावावरून गावात वाद पेटला. क्लबमधले दोन तरुण, धीरज आणि चिराग, माझ्याशेजारीच भांडत उभे होते.

"आकडे बघ ना, भिया," चिराग मोबाइल नाचवत म्हणाला. "एवढे गुण अख्ख्या माळव्यात कुणी केलेत? बात खतम."

"आणि कप? एकच ना? त्यातसुद्धा जास्त गुण हिचे नव्हते. मोठा खेळाडू तो, जो टीमला जिंकवतो."

"बाकीच्या चौघी ढ असल्यावर ती बिचारी एकटी काय करणार, यार?"

त्या ढ चौघींपैकी एक तिथेच चेंडूत हवा भरत होती. मालनने ऐकलं. पंप थांबवला नाही.

संताप-संताप झाला माझा! एक गुण मोजतो, दुसरा कप मोजतो आणि दोघांनाही वाटतं की आपण खेळ पाहिला. अरे, कप काय एकटीने उचलला होता, म्हणून तो नसला की एकटीचा दोष? आणि गुण तरी तिचे एकटीचे होते का? ज्या वाटेने ती मोकळी धावली, ती वाट धारच्या मुलींना अडवून कुणी मोकळी केली होती, हे कुणाच्या मोबाइलमध्ये आहे?

खंडेनवमीला इरावती आली. केस पिकलेले, हसणं तेच. मालनला पाहून तिने मिठी मारली. बळवंतरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही बरोबर खेळलात. प्रशिक्षक नेमायचा आहे. मालनताई खेळाडू म्हणून कशा होत्या, तुम्हीच सांगा."

मालनने शिट्टी मुठीत घट्ट धरली. एका वाक्याचं काम होतं, मित्रांनो. ती नसती तर मी नसते, एवढंच म्हणायचं होतं.

इरावती प्रेमाने म्हणाली, "मालन ना? फार चांगली हो. सगळ्यांना खूप मदत करायची."

मदत करायची! धुणीभांडी करणाऱ्या बाईबद्दल बोलतात तसं. तिच्या मनात काही काळं नव्हतं, तेच जास्त लागलं.

बळवंतरावांनी मान डोलावली. इंदूरहून आलेल्या राजवर्धन नावाच्या तरुणाला पुढे केलं. त्याने कॉलेजात पुष्कळ गुण केले होते म्हणे. आयत्या बिळावर नागोबा! "आणि मालनताई मदतीला आहेतच," त्यांनी वर जोडलं.

मग फोटोवाला पुढे आला. "मालनताई, तुम्ही खाली बसा. ताई तुमच्या खांद्यावर. जुना फोटो आहे ना, सेम तसा."

"ये गं, एकदाच," इरावती हसून म्हणाली. "वजन वाढलंय हं माझं."

मालनने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "शिडी आणा, भाऊसाहेब," ती म्हणाली. "धरायला राजवर्धनसर आहेत."

शिडी आली. इरावती चढली. नव्या रिंगला माळ बांधताना तिचे पाय लटपटले आणि जुन्या सवयीने ती खाली न बघताच म्हणाली, "मालन, धरलंस ना?"

मालन तोवर माझ्यापाशी आली होती. ओच्यातली फुलं काढून तिने एक पंपाला वाहिलं, एक झाडूला, एक मला. मग गळ्यातली शिट्टी काढली, तिलाही कुंकू लावलं आणि माझ्या कडेला अडकवून ती फाटकाबाहेर गेली. माझी नजर आता खालीच असते, म्हणून तिच्या चपला नीट दिसल्या. उजवी जरा जास्त झिजलेली. संध्याकाळी पोरी "जिज्जी कुठे आहे?" विचारत राहिल्या. ती आली नाही. नंतरही आली नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते की मला जपा, मला रंग लावा. मी म्हणत नाही. भंगारवाला येईल आणि मला नेईल, नेऊ दे. लोखंडाला पुन्हा काहीतरी होता येतं. पण तो यायच्या आत तुमच्यापैकी कुणीतरी ही शिट्टी माझ्यावरून काढा आणि मालनच्या घरी नेऊन द्या. देताना पाया पडा. आणि हात जोडून सांगते, 'तुम्ही खूप मदत करायच्या' एवढं मात्र म्हणू नका.