वेदीकडे पाठ

मी बोलतेय, चर्चमधल्या पुढच्या बाकामागची, जमिनीलगतची फळी. माझ्यावर लोक गुडघे टेकतात, म्हणून माणसांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. गुडघ्यांचं मात्र विचारा. मनापासून टेकलेला कुठला आणि उरकून टाकणारा कुठला, वजन पडताच कळतं.

सुताराने मला घडवलं ते एवढ्याच कामासाठी. पण तेव्हा इथे शाळा नव्हती. सिस्टर आल्या आणि रविवार सोडून रोज चर्चमध्येच वर्ग भरवू लागल्या. मेजं कुठून आणायची? मुलं माझ्यावर बसायची आणि मागच्या बाकाच्या बैठकीवर पाटी ठेवायची. अगदी त्यांच्या मापाचं निघालं. रविवारी मिस्सेच्या उपासनेला आलेल्या कुणाच्या तरी चांगल्या कपड्यांना मागून खडू लागायचा, तेवढीच कुरकुर.

पण असं बसलं की तोंड दाराकडे व्हायचं आणि पाठ वेदीकडे. ते खुपलं सुतारालाच. त्याची लेक माझ्यावर बसायची. वाचताना गुणगुणायची, म्हणून सगळे तिला भुंगी म्हणत. एका सकाळी तो तरातरा आत आला.

"सिस्टर, ही फळी मी गुडघ्यांसाठी केली. आणि ही कार्टी देवाकडे पाठ करून बसते? नेतो मी हिला घरी. आईला हातभार तरी लावील."

भुंगीने माझी कड घट्ट धरली. ती बोटं मला अजून आठवतात.

सिस्टरांनी आवाज चढवला नाही. "तिची पाठ देवाकडे आहे, पण देवाचं तोंड तिच्याकडेच आहे ना? मी मुलांच्या पाट्या मागे उभी राहूनच बघते. तोही तसाच डोकावत असेल."

"आणि चुकलं तर?"

"पुसायचं, परत लिहायचं. त्याला कुठे घाई आहे?"

सुताराने वाकून मला हलवून पाहिलं.

"डुगडुगतेय," तो म्हणाला. "पोरीचं अक्षर बिघडेल."

दुपारी हत्यारं घेऊन आला आणि मला पाचर मारून गेला.

पुढे चर्चमागे दोन खोल्या उठल्या, त्यांच्यावर मजला चढला. वर्ग तिकडे गेले. भुंगी शिकली आणि त्याच शाळेत बाई झाली. माझ्या वाट्याला पुन्हा गुडघे. अंगावर शाळा भरली, तरी मी मेली अंगठाछापच राहिले.

परवा सिस्टर गेल्या. वेदीपुढे त्यांची शवपेटी होती. सगळ्यांनी गुडघे टेकले. भुंगीला आता टेकवत नाहीत. बाकाला धरून ती सावकाश खाली आली आणि माझ्यावर चक्क बसली, दाराकडे तोंड करून.

नात कुजबुजली, "आजी, सिस्टर तिकडे आहेत. पाठ काय करतेस?"

"असू दे गं. मागून बघतील त्या."

आणि ती हळूच गुणगुणू लागली.

मला आता चीर गेलीय. गादी लावलेल्या नव्या फळ्या येणार आहेत म्हणे. येऊ देत. फक्त त्यांच्यावर एखादं पोर उलटं बसलेलं दिसलं, तर लगेच ओरडू नका. आधी मागून वाकून बघा, त्याच्यापुढे काय उघडलंय ते.