जोशीबुवांकडे राहिलेला डबा

मी एक स्टीलचा डबा बोलतोय. गोल, घट्ट झाकणाचा, दिसायला चारचौघांसारखाच. पण माझ्या पोटावर एक ओळ कोरलेली आहे: 'चि. शोभनास, आईकडून'. वर्ध्याच्या भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं यंत्र घर्रघर्र करत अंगावरून फिरलं, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या. शोभनाची आई दुकानदाराला बजावत होती, "अक्षर ठसठशीत येऊ द्या हो. लेक परदेशी चाललीय माझी."

तर असा मी न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आलो. शोभनाचा नवरा अरुण कॉम्प्युटरवाला. लेक नेत्रा तिथेच जन्मली, तिथेच वाढली.

२००१ साली समोरच्या अपार्टमेंटमध्ये एक उंच, हडकुळे गोरे गृहस्थ राहायला आले. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ, वर्षभर विद्यापीठात शिकवायला आलेले. नाव योस्त. पत्रपेटीवरचं स्पेलिंग वाचून अरुणने त्याचं 'जोस्त' केलं, आणि बघता बघता आमच्या घरात त्यांचे 'जोशीबुवा' झाले. ते कळल्यावर बुवा स्वतःच दारावर टकटक करून "जोशी!" अशी हाक मारू लागले. माणूस गोड होता, त्यात वाद नाही.

दिवाळीत शोभनाने माझ्यात चकल्या भरून मला समोर पाठवलं. जोशीबुवांनी मला परत आणलं ते घासूनपुसून लख्ख, आणि रिकामं. शोभना 'थँक यू' म्हणाली, पण तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. नेत्रानेही पाहिला. ती तेव्हा शाळकरी, पण जिभेला हाड कसलं ते नाही.

"काका, यू कान्ट रिटर्न अ डबा एम्प्टी!"

"का बरं?" बुवांनी विचारलं. अर्थशास्त्रज्ञच ते, त्यांना यात नियम दिसला.

शोभना ओशाळली. "अहो, तसं काही नाही. चिमूटभर साखर घातली तरी चालतं."

बुवांनी साखर ऐकलीच नाही. डबा रिकामा द्यायचा नाही, एवढंच त्यांच्या मनात पक्कं बसलं, आणि ते मला तसेच उचलून परत घेऊन गेले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी बेदाणे घातलेले गोल गोल गोळे तळले. नववर्षाला त्यांच्याकडे ते करतात म्हणे. माझ्यात भरून, हात भाजलेला, पिठाने माखलेला सदरा, तसेच दारात उभे राहिले. शोभनाने झाकण उघडलं आणि ओरडली, "अगं बाई, हे तर आपले गुलगुले!" तेव्हापासून माझी येजा सुरू झाली. माझ्या आयुष्यातला तोच सुखाचा काळ.

मग त्यांच्या देशातून एका पक्षाचा फोन आला. निवडणूक लढवा म्हणाले. बुवा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. "वर्गात मला 'माहीत नाही' असं म्हणता येतं," ते अरुणला म्हणाले. "तिथे येईल का?"

"यार, माहीत तर तिथेही कोणाला नसतं," अरुण म्हणाला. "फक्त कोणी ॲडमिट करत नाही."

बुवा हसले, आणि गेले. जाताना शोभनाने प्रवासासाठी माझ्यात बेसनाचे लाडू भरून दिले. "भरून परत करीन," बुवा म्हणाले. "सावकाश द्या हो," शोभना म्हणाली. पण मला सोडताना तिचा हात क्षणभर अडला होता. ते फक्त मला कळलं.

लाडू विमानातच संपले. पुढे मी बुवांचा जेवणाचा डबा झालो. तिकडे बडी माणसंसुद्धा दुपारी घरून आणलेला पाव आणि चीज खातात. माझ्या गोल पोटात तो चौकोनी पाव रोज कोंबायचा, कोपरे मोडायचे! बुवा आधी खासदार झाले, मग अर्थखात्यात राज्यमंत्री, मग मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळावर गेले. खुर्च्या मऊ होत गेल्या, बोलणं लांबलचक होत गेलं. माझ्या पोटावरची अक्षरं म्हणजे डबे करणाऱ्या कंपनीचं नाव, असं ते लोकांना बिनदिक्कत सांगत. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

बैठकांसाठी ते वॉशिंग्टनला येत, तेव्हा मीही बॅगेत असे. दर वेळी म्हणत, "या खेपेला पिस्कॅटवेला जायचंच." आणि दर वेळी अडत. भरून काय न्यायचं? विकतचं नेणं त्यांना पटेना, तळायला सवड मिळेना. मी घराच्या इतक्या जवळ येऊन परत फिरायचो. फार वाईट वाटायचं.

आणि घरी काय चाललंय याचा मला पत्ताही नव्हता; ते सगळं मला फार उशिरा कळलं. वर्ध्याला शोभनाची आई गेली. शोभना वेळेवर पोचूही शकली नाही. आईने स्वतः नाव घालून दिलेली वस्तू तिच्याजवळ एकच होती, आणि ती माझ्या रूपाने पाव-चीज सांभाळत बसली होती. "त्यांना ईमेल कर ना," अरुण म्हणायचा. "इश्श, डबा काय मागायचा! केवढा मोठा झालाय तो माणूस," शोभना म्हणायची. आणि मग माझ्या रिकाम्या जागेकडे बघत फडताळासमोर उभी राहायची.

२००८ च्या ऑक्टोबरात जगभरच्या बँका गटांगळ्या खात होत्या. वॉशिंग्टनमध्ये बुवांचं भाषण होतं. मी टेबलाखाली त्यांच्या बॅगेत. लोक प्रश्न विचारत होते, बुवा लांबलचक वाक्यांत शिताफीने निसटत होते. तेवढ्यात माइकवर एक मुलगी आली. ती त्याच शहरात कॉलेजात शिकत होती.

"सर, माझा प्रश्न बँकांबद्दल नाही. माझ्या आईचा डबा तुम्ही कधी परत करणार आहात?"

सभागृह हसलं. बुवांनी चष्मा काढला. "नेत्रा? अगं, पण रिकामा कसा देऊ? तूच सांगितलं होतंस."

"काका, माझ्या आजीने तो आईला दिला होता. त्यावर लिहिलंय, फ्रॉम मॉम. आजी इज गॉन. आणि आई तुम्हाला कधीच विचारणार नाही. शी जस्ट वोन्ट."

हसणं थांबलं. बुवांनी वाकून मला बाहेर काढलं, पावाच्या चुऱ्यासकट. अक्षरांवरून बोट फिरवलं आणि त्या सगळ्या सूटवाल्यांसमोर म्हणाले, "मला माहीत नव्हतं." इतकं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठका कॅन्सल करून त्यांनी गाडी पकडली. शोभनाने दार उघडलं. त्यांनी मला दोन्ही हातांनी पुढे केलं. "शोभना, रिकामा आहे. सॉरी."

तिने ते ऐकलंच नाही. झाकण उघडूनही पाहिलं नाही. 'आई' या अक्षरांवर अंगठा ठेवून ती तिथेच दारात मोठ्याने रडली, आणि बुवा अंग चोरून शेजारी उभे राहिले. अरुणने चहा टाकला. त्यात साखर दुप्पट पडली, तरी सगळे प्यायले.

आता मी माझ्या फडताळात आहे, आणि मला तुम्हाला एकच सांगायचंय. तुमच्याही घरात कुणाचा तरी डबा पडून असेल. आज नेऊन द्या. भरायला काही सुचलं नाही तर रिकामाच द्या. ती माणसं म्हणतील, "असू द्या हो, एका डब्याचं काय एवढं!" त्यांचं ऐकू नका.