कपाळावरची चिठ्ठी

मित्रांनो, कल्पना करा. हजरतगंजात तुम्ही सायकलरिक्षात बसला आहात आणि रिक्षावाल्या भैयाला दर दहा पावलांवर थांबवता आहात. थांबणे सोपे, पुन्हा पहिले पायडल मारताना दम लागतो. माझी अकरा वर्षे अशीच गेली.

मी एक जुना टेप ड्राइव्ह आहे. लखनौच्या एका कार्यालयातल्या नोंदी फितीवर लिहून जपणे हे माझे काम. संगणक माहितीची गाठोडी बांधून देतो. गाठोडे लहान असले, तर पुढचे हाती येईपर्यंत फीत पुढे धावून जाते. मग थांबायचे, मागे यायचे, पुन्हा धावायचे. फीतही झिजते.

माझ्याआधीच्या यंत्रावर, ते सांभाळणाऱ्या चंद्रप्रभाताईंनी चिठ्ठी लावली होती: ‘गाठोडे ६४. बदलू नये.’ म्हणजे एका गाठोड्यात ६४ किलोबाइट माहिती. मी आलो त्या दिवशी ती अलगद सोलून माझ्या कपाळी चिकटवली गेली. ताई निवृत्त झाल्या, चिठ्ठी राहिली.

यंदा साहेब म्हणाले, "नागसेनजी, ये तो बैलगाड़ी है. सोमवार को कबाड़ में दे दीजिए."

रोज मला चालवणाऱ्या, माझी धूळ पुसणाऱ्या नागसेनकाकांचा चेहरा उतरला. शनिवारी ते आले, तेव्हा सोबत त्यांची लेक स्वप्ना होती.

"पापा, ये इतना हाँफता क्यों है?"

"लहान गाठोडी मिळतात ना त्याला."

"तो बड़ी दो."

"ताईंनी लिहिलंय, बदलू नये."

"उनसे पूछा?"

काकांनी फोन लावला. पलीकडून ताईंचे हसू ऐकू आले. "अरे, ती त्या जुन्या डब्यासाठी होती. अकरा वर्षं तेच चालवताय? धन्य आहात."

काकांनी कोऱ्या फितीवर १२८ करून पाहिले, मग २५६. त्यापुढे वेग वाढेना, म्हणून २५६ वरच थांबले. लिहिलेले परत वाचून पडताळले. मी एकदाही न अडखळता धावलो. काका माझ्यावर हात ठेवून उभे होते.

सोमवारी माझे काम इतक्या लवकर संपलेले पाहून साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिले आणि कबाडीवाल्याला रिकामा परत पाठवले.

मित्रांनो, थोरांनी सांगितलेले जरूर पाळा. पण ते का सांगितले, हेही कधीतरी विचारा. आमच्यासारख्यांचा जीव त्याने वाचतो.

स्वप्नाने जुनी चिठ्ठी काढली, पण फेकली नाही. जुन्या फिती ६४ नेच वाचता येतात, म्हणून ती त्यांच्या खोक्यावर लावली. मग माझ्या कपाळी नवी चिकटवली: ‘२५६. मशीन बदले तो फिर जाँचना.’ आणि खाली, ठळक अक्षरांत, पापांचा फोन नंबर लिहिला.