आबांच्या खिशातले झाकण

मित्रांनो, मला पाहिलेत तर औषधाच्या एखाद्या डबीचे झाकण समजून तुम्ही मला बाजूला साराल. त्यात तुमची चूक नाही. मी एक जुने पत्र्याचे झाकणच आहे, आगपेटीहूनही लहान. पण माझी जागा डबीवर नाही. ती आहे यंत्राच्या पोटात, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही.

माझे काम आधी सांगते. तुम्ही बसला आहात त्या खोलीत आत्ता कितीतरी रेडिओ लहरी फिरत आहेत. मोबाइल वाजू लागला की त्याच्या लहरी शेजारच्या यंत्राच्या बारीक तारांत शिरतात आणि ते बिचारे भलतेच बरळू लागते. त्या लहरींना दारातच अडवायचे, हे माझे काम.

पोलादी पत्र्याच्या लांब पट्टीतून मला कापले, माझ्या चारही कडा दुमडल्या आणि अंगावर कथलाचा मुलामा चढवला. तेव्हाचे माझे रूप काय सांगू! माझ्यात तोंड दिसायचे.

तिथून मी एका दोन खोल्यांच्या कारखान्यात आले. तिथे दोघे बहीण-भाऊ कमी ऐकू येणाऱ्यांसाठी यंत्रे बनवत. ताई आराखडा करायची, दादा जोडणी करायचा. वरच्या मजल्यावर त्यांचे वडील राहत. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांचे उभे आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा जुळवण्यात गेले होते आणि आता त्यांनाच ऐकू येईनासे झाले होते. मुलांनी त्यांना खिशात ठेवायचे यंत्र करून दिले होते. त्यातून एक वायर कानापर्यंत जाई. फोन आला की आबा तो कानाला न लावता खिशाला लावत. येणारे-जाणारे हसत. आबाही हसत.

पण मोबाइल जवळ आला, की त्या यंत्रात टर्र-टर्र सुरू होई आणि त्यात बोलणे बुडून जाई. आबा हे कोणाला सांगत नसत. फोनवर कोणी काही म्हटले, की ‘हो हो, छान’ म्हणून मोकळे होत.

एकदा दूरगावाहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. मुले तिला आत्या म्हणत. तिचे यजमान पडले होते, खुब्याचे हाड मोडले होते. ती रडत रडत सांगत होती आणि आबा नेहमीप्रमाणे म्हणाले, “वा, छान झालं.” आत्याने फोन ठेवला. त्यानंतर ती आबांचा फोन उचलेना. खरे काय झाले ते पुढे आत्याच्या सुनेकडून कळले, आणि आबांचे जेवणावरचे लक्षच उडाले.

तेव्हा ही टर्र-टर्र बंद करायचीच, असा ताईने चंग बांधला. टेबलावर तिने आम्हा सगळ्या झाकणांना मांडले. तांब्याचे झाकण जाड आणि जड होते. ॲल्युमिनियमच्याला जोडकामाचा साधा डाख धरेना. एकाला हवेसाठी लांबलांब चिरा होत्या. दिसायला ते फार देखणे, दादाला तेच आवडले. पण ताईने त्याच्याजवळ मोबाइल धरला, तर त्या चिरांतून टर्र-टर्र सरळ आत. माझ्या अंगावर मात्र टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके आहेत. त्यातून हवा जाते, लहर अडते. तरी ताई मला उलटसुलट करून पाहतच राहिली.

“झाकण निवडते आहेस की जावई?” दादाने विचारले.

“जावयाला काही पसंत नाही पडलं, तर निदान तो तोंडावर सांगतो तरी. झाकण कुठे सांगतं?” ताई म्हणाली आणि तिने मला उचलले.

मला केवढा आनंद झाला! पण तो टिकला नाही. दादाने मला आबांच्या यंत्रात बसवले, मोबाइल जवळ नेला, आणि आतून पहिल्यासारखीच टर्र-टर्र. कुचकामी पत्रा, असे म्हणून दादाने मला उपटून खणात टाकले. तुटके स्क्रू आणि संपलेले सेल यांच्यात मी पडून राहिले. माझे काय चुकले, तेच मला कळेना.

ताईलाही कळेना. टेबलावर तर मी काम चोख केले होते. शेवटी तिने मला खणातून काढले, यंत्राच्या चौकटीवर ठेवले आणि मीटरच्या दोन सुया टेकवल्या, एक चौकटीला, एक मला. वीज इकडून तिकडे जात असेल तर मीटर वाजतो. तो गप्प होता.

“दादा, तू याला काही लावलंस का?”

“वार्निश. आबांना घाम किती येतो. गंजलं असतं ना ते.”

“कडेलासुद्धा?”

“कडेला तर दोन हात दिले. गंज कडेनेच चढतो.”

ताई डोक्याला हात लावून हसली. “अरे शहाण्या, कडेनेच तर ते चौकटीला धरतं. वार्निश मध्ये आलं, की वीज पलीकडे जात नाही, पकड सुटली. तू झाकण नाही बसवलंस, नुसतं पांघरूण घातलंस.”

दादाला वाईट वाटले. त्याने माया लावली होती, पण नेमकी नको तिथे. त्याने स्वतःच बारीक कानशीने माझ्या कडा खरवडल्या. पुन्हा सुया टेकवल्या आणि मीटर वाजला.

त्याच संध्याकाळी आबांनी आत्याच्या सुनेला फोन लावला आणि तिने तो आत्याच्या हातात दिला. आबांनी आपला फोन खिशाला लावला. मी आत श्वास रोखून होते. आत्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

“तू छान म्हणालास, आबा.”

“मला ऐकूच आलं नव्हतं गं,” आबा म्हणाले. “आणि ऐकू आलं नाही, हे सांगायची लाज वाटली.”

पलीकडे आत्या रडू लागली. आबांना ते रडणेही ऐकू आले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

आबा गेल्यावर हे यंत्र आत्याने मागून घेतले. आता तिलाही कमी ऐकू येते. मी जुने झाले आहे, माझी चकाकी गेली आहे, पण कडा अजून धरून आहेत. आत्या यंत्र कोरड्या फडक्याने पुसते, आणि नीट ऐकू आले नाही, की समोरच्याला सरळ सांगते, “परत बोल बाबा, मला कळलं नाही.”

मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुम्हाला असे कोणी म्हटले, तर ‘काही नाही, जाऊ दे’ म्हणू नका. जवळ जाऊन बसा आणि तेच वाक्य पुन्हा सांगा.